चौथ्या घरातला सूर

“हा तुमच्याकडंच राहू द्या, अण्णा,” असं म्हणून लिगाडेनं माउथऑर्गन माझ्या पुढ्यात ठेवला आणि हात इतक्या घाईनं मागं घेतला, की मला वाटलं आत विंचू आहे.

मी व्हरांड्यात आमचा स्टोव्ह उघडून बसलो होतो. रविवारची दुपार. दसरा नुकताच होऊन गेला होता, दारावरच्या तोरणातला झेंडू अजून पुरता वाळला नव्हता. हात रॉकेलनं माखलेले, म्हणून बाजाला न शिवता मी नुसतंच विचारलं, परदेशी चाललास की काय. तो म्हणाला, परदेशी नाही, पार्सल ऑफिसात. उद्या सकाळी साहेबांना भेटून सांगणार होता, की मला ब्रेकव्हॅनमधून काढा आणि पार्सलच्या खुर्चीवर बसवा.

मी स्टोव्ह बाजूला सारला.

दत्तात्रय लिगाडे आमच्या नॅरोगेजचा गार्ड आणि मी वर्कशॉपात फिटर. क्वार्टरला क्वार्टर लागून, मधली भिंत अशी, की त्याच्या घरची फोडणी आमच्या घरात ठसका देई. गाडीच्या शेपटाला जो डबा असतो त्यात हा एकटा बसायचा. आणि गाडी आमची कशी, तर चढावर गार्डानं खाली उतरावं, हरभऱ्याचे चार डहाळे उपटावेत आणि चालत येऊन पुन्हा डब्यात बसावं. हे खरं आहे. माझं खोटं पुढं येतं. एवढ्या निवांत गाडीत माणसानं करायचं काय, म्हणून लिगाडे बाजा वाजवायचा. लाइनीवरच्या वस्त्यांना इंजिनाच्या शिट्टीपेक्षा त्याच्या बाजावरून गाडी कळायची. मी तर वर्कशॉपात सांगत असे, की एक म्हैस तो बाजा ऐकत रोज गाडीबरोबर बार्शीपर्यंत पळते आणि एकदा तर टी.सी.नं तिला विनातिकीट धरली. अर्ध्या वर्कशॉपानं ते ऐकून सोडून दिलं, उरलेलं अर्धं म्हैस कुणाची ते विचारत राहिलं. असा माझा लौकिक. मी ‘यू यू’ केलं तर जंक्शनातलं कुत्रंसुद्धा आधी माझ्या हातात भाकरी दिसते का बघायचं आणि मग यायचं.

तर तो लिगाडे आता पार्सलच्या पोत्यांत जाऊन बसणार म्हणत होता.

“का पण?”

“बाजा वाजत नाही.”

“बाजा वाजत नाही म्हणून ब्रेकव्हॅन सोडतोस? उद्या माझा स्टोव्ह पेटला नाही, तर मी संन्यास घेऊ?”

एरवी माझ्या निम्म्या वाक्यावर हसणारा माणूस. आज त्याच्या ओठाचा कोपराही हलला नाही. पायरीवर बसला आणि स्वतःच्या चपलेकडं बघत राहिला.

मी साबणानं हात धुतले, बाजा पुसला आणि तोंडाला लावला. मला वाजवता येत नाही, पण गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या खोलून त्यांचे सूर साफ करण्यात माझे सगळे रविवार गेलेले. हा बाजा दहा घरांचा. एकेका घरात दोन सूर राहतात: फुंकलं की एक बोलतो, श्वास आत ओढला की दुसरा. मी पहिल्या घरापासून सुरुवात केली. फुंकून, ओढून, फुंकून, ओढून. तीन घरं ठणठणीत. चौथं फुंकलं, बोललं. चौथं ओढलं आणि नुसता वारा आला. जोरात ओढलं तेव्हा कुठं सूर उठला, तोही उशिरा, कण्हत. दुपारी झोपलेल्या चपराशाला तिसऱ्या हाकेला जाग यावी तसा. पुढची सगळी घरं पुन्हा खणखणीत.

“चौथ्यातला ओढायचा,” मी म्हणालो.

“माहीत आहे. तो तसाच अडणार. तुम्ही उघडू नका, अण्णा. त्यात बाजाचा दोष नाही.”

“मग कुणाचा?”

त्यानं चप्पल पायातून काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, “सोनारवाडीला मी बघितलंच नव्हतं.”

सोनारवाडीचं सगळ्या कॉलनीला माहीत होतं. पितृपक्षात तिथल्या थांब्यावर गिरजाबाई नावाची म्हातारी गाडीतून उतरताना पडली होती. बाजारात भाजी विकून रिकामी पाटी घेऊन घरी चाललेली. गाडीनं हिसका दिला आणि तिचा पाय नडगीत मोडला. साहेब लोकांनी जाऊन चौकशी केली, बाई उशिरा उतरली असं ठरलं. लिगाडेकडं काही दोष आला नाही, उलट त्यानं तिला तातडीनं गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं म्हणून पाठच थोपटली गेली.

आता पायरीवर बसून तो मला दुसरंच सांगत होता. त्या वेळी त्याच्या एका हातात झेंडी होती आणि दुसऱ्या हातात बाजा. चौथ्या घरातला सूर त्यानं लांबवर ओढून धरला होता, आणि तो सूर लांबवताना त्याचे डोळे आपोआप मिटत. थांब्यावर कुणी उतरतंय का ते न बघताच हिरवी झेंडी हलली. किंकाळी आली तेव्हा सूर अजून तोंडातच होता. चौकशीत साहेबांनीच विचारलं, म्हातारी उशिरा उतरली ना, आणि हा ‘हो’ म्हणून बसला. त्यानंतर बाजा त्यानं ट्रंकेवर ठेवून दिला होता. दसऱ्याला सणाचा म्हणून हातात घेतला, तर बाकी सगळं जसंच्या तसं आणि नेमका तोच सूर गेलेला.

“वीस सूर आहेत त्यात,” तो म्हणाला. “एकोणीस बोलतात. आता तुम्हीच सांगा.”

माझ्या जिभेला एरवी उसंत नसते. बोलणं सुचलं नाही की माझे हात चालू लागतात, म्हणून मी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि त्याचं न ऐकता बाजा उघडायला घेतला.

जुन्या बाजाला स्क्रू नसतात, बारीक चुका ठोकलेल्या असतात. ब्लेडचं पातं सरकवून त्या एकेक उचलल्या आणि खालचं झाकण सुटं केलं. आत ओढायच्या सुरांच्या पितळी पत्त्या ओळीनं निजलेल्या. पत्तीचं एक टोक पत्र्याला जखडलेलं आणि दुसरं मोकळं, ते आपल्या फटीत वरखाली हलतं आणि सूर निघतो. हलायला तिच्या दोन्ही बाजूंना केसभर जागा लागते. मी पत्रा उन्हाकडं धरला. प्रत्येक पत्तीभोवती उजेडाची रेघ दिसत होती. चौथीच्या एका बाजूला रेघ होती आणि दुसऱ्या बाजूला, टोकाकडं, अंधार. सुईनं शेजारची पत्ती छेडली, ती टिण् म्हणाली. चौथी छेडली, ती थप् म्हणाली.

भिंगातून पाहिलं तर फटीत काहीतरी वाळून बसलेलं. सुईनं खरवडलं. पिवळं निघालं, कडेला थोडं लालसर. नाकाशी नेलं आणि मला खरोखर हसू आलं. बाजा उलटा करून तळहातावर ठोकला तेव्हा घरातून तांदळाचा एक तुकडाही पडला, कुंकवानं रंगलेला.

खंडेनवमीला आमच्या कॉलनीत काय पुजत नाहीत ते विचारा. लेथला माळ, हातोडीला कुंकू, ऐरणीवर अक्षता. आमच्या फोरमननं एकदा स्वतःची कवळीही पाटावर मांडली होती म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

“लिगाडे, ही हळद आहे,” मी म्हणालो. “खंडेनवमीला वहिनींनी बाजा पुजलेला दिसतोय. ती आत उतरून वाळली आणि पत्ती धरून बसली. एवढंच आहे.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात, तेच वाईट होतं.

“अण्णा, तुमच्या म्हशीला मी हसलो, कवळीला हसलो. पण आज नको. मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही.”

मी सुईचं टोक त्याच्या नाकापाशी धरलं आणि वास घे म्हणालो.

“गेल्या शिमग्याला तुम्ही माझ्या कानातून उकडलेलं अंडं काढून दाखवलं होतं,” तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात खरी गोष्ट होती आणि ती खपत नव्हती. मी शपथ घेतली, तर तो म्हणाला, म्हशीच्या वेळीही घेतली होतीत.

तेवढ्यात शेवंतावहिनी त्याला चहाला बोलवायला कुंपणापाशी आल्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यांची नजर उघड्या बाजावर गेली, मग माझ्या तळहातावरच्या लाल तांदळावर. हाक न मारताच त्या मागं वळल्या.

मी त्यांना थांबवलं. बाजाची पूजा केली होती का, एवढंच विचारलं. त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, झेंडी पुजली, कंदील पुजला, शिट्टी पुजली, मग ह्यालाच कसं सोडायचं. हळदकुंकू कालवून प्रत्येक घराच्या तोंडाला बोट लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं नीट पुसूनही घेतलं होतं. दाबून पुसलं होतं, म्हणाल्या, स्वच्छ निघावं म्हणून.

लिगाडे उठून उभा राहिला. हळू आवाजात त्यानं विचारलं, की दसऱ्यापासून मी सूर गेला सूर गेला म्हणतोय, रात्र रात्र बसून राहतोय, तेव्हा तुझ्या ध्यानात आलं नाही का.

“आलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही पहिल्यांदा वाजवलंत तेव्हाच आलं. सांगायला चुलीपासून उठले होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, आता गाडी सोडतो.” पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. “मी परत आत गेले आणि देवापुढं साखर ठेवली.”

लग्न झाल्यापासून त्या बाईनं किती रात्री गाडीच्या वाटेकडं कान लावून काढल्या, ते मधल्या भिंतीमुळं मला ठाऊक होतं. आमच्या घरी ठसका यायचा तशा त्यांच्या येरझाऱ्याही यायच्या.

मी खाली मान घालून काम संपवलं. दात घासायच्या ब्रशचा एक केस ओला करून वाळलेली हळद भिजवली, पत्तीखाली पातळ कागद सरकवला आणि जखडलेल्या टोकाकडून मोकळ्या टोकाकडं पुसून काढली. उलटं पुसलं की पत्ती अडकून वाकते. दाबून पुसण्यात तिचं टोक फार खाली बसलं होतं. ते फार उचललं तर वारा फुकट जातो आणि फार बसलं तर वाऱ्याला दारच बंद होतं. ब्लेडच्या कोपऱ्यानं ते केसभर उचलून दिलं. सुईनं छेडली. टिण् म्हणाली. झाकण बसवलं आणि चौथं घर ओढलं. नुसता श्वास लागला न लागला, तोच सूर हजर.

इतका स्वच्छ सूर मी बाजातून क्वचितच ऐकला असेन. तिघांपैकी कुणालाही तो ऐकून आनंद झाला नाही. वहिनींनी डोळे पुसले. लिगाडेनं बाजा माझ्या हातातून घेतला, स्वतः एकदा ओढून बघितला आणि पायरीवर ठेवून दिला.

“म्हणजे मला कुणी शिक्षा केलीच नव्हती,” तो म्हणाला.

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, की बरंच झालं की मग.

“बरं कसं, अण्णा? मला वाटत होतं फिटतंय.”

मी आपला रॉकेलच्या बाटलीचं बूच लावत बसलो. हळद काढायला नको होती, असंही एकदा मनात येऊन गेलं. फिटराच्या मनात असं यायला नको.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, सोनारवाडीला येता का.

दुपारच्याच गाडीनं आम्ही निघालो. तो ब्रेकव्हॅनकडं गेला नाही, माझ्याशेजारी बाकावर बसला. वाटेत मी त्याला माझ्या परीनं मदत करू पाहिली. म्हटलं, ऊन डोळ्यावर आलं होतं असं सांग, धूर आडवा आला होता म्हण, इंजिनाची शिट्टी चुकीची ऐकू आली म्हण. मी साक्षीला आहे. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, अण्णा, तुम्ही तिथं गप्प बसायचं, नाहीतर पुढच्या थांब्यावर उतरा. मी गप्प बसलो. माझ्या हयातीतला तो सगळ्यात लांब प्रवास. गाडी तेवढीच होती, बोलणं नव्हतं.

गिरजाबाईचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बाजेवर म्हातारी टेकून बसलेली, पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. आमच्या अंगावरचा रेल्वेचा खाकी कपडा पाहिला आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तीच बोलू लागली, पाठ केल्यासारखी.

“पुन्यांदा चवकशी व्हय? मीच उशिरा उतरले, साहेब. डोळ्याला दिसत न्हाई, पाय वेळंवर उचलत न्हाई. आता गाडीत बसायची न्हाई. बाजार बंद केलाय माझा, पोरानं बी सांगितलंय आन् सुनेनं बी. घ्या लिहून.”

लिगाडे बाजेजवळ खाली मातीतच बसला.

“मावशी, चौकशी नाही. मी त्या गाडीचा गार्ड. तुम्ही वेळेवरच उतरत होतात. मी बघितलं नाही. डोळे मिटून बाजा वाजवत होतो आणि तशीच झेंडी दाखवली. साहेबांनी विचारलं तेव्हा तुमच्यावर ढकललं.”

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं शिव्या देईल, मला वाटलं रडेल. तिनं विचारलं ते तिसरंच.

“मंजी माझा पाय घसरला न्हाई?”

“नाही, मावशी.”

“एक पाय मी खाली ठिवला हुता. भुईला टेकला हुता. मला आठवतंय. मी सांगत हुते समद्यास्नी, तर म्हनले, म्हातारीला भ्रम झाला.” तिचा आवाज हळूहळू चढत गेला. “इतके दिस मी माझ्याच पायाला शिव्या देत बसले हितं. रातीच्या उठून डोळ्याम्होरं बोटं धरून मोजत हुते, दिसत्यात का न्हाई.” आणि मग घराकडं तोंड करून तिनं अशी हाक घातली, की रुळापलीकडची कुत्री उठली. “सुंदे, भाईर ये.”

सून पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

“आता परत बोल,” म्हातारी लिगाडेला म्हणाली. “हिच्याम्होरं. मोठ्यानं.”

तो परत बोलला. मघाशी मातीत बघून बोलला होता, आता त्याला वर बघून बोलावं लागलं. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. हातावरचं पीठ झाडत तशीच उभी राहिली. मग अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं कोंबडीच्या पिलांवर एक भाजीची पाटी पालथी घातलेली होती. तिनं ती उचलली, पिलं चहूकडं पांगली, आणि ती पाटी घेऊन हौदाकडं धुवायला गेली.

आमची परतीची गाडी यायची वेळ झाली होती. मी लिगाडेला खूण केली. म्हातारीनं ती बघितली.

“कुटं चालला? माझा पोरगा रानातनं येऊ दे. त्यालाबी सांगायचं. तवर बस.”

तो बसला. मग मीही बसलो. गाडी आली, थांब्यावर थांबली, गेली. दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातली हिरवी झेंडी लांब जाताना दिसली. म्हातारीही तिकडंच बघत होती.

“पाय जुळला की मी बाजाराला निघनार,” ती म्हणाली. “तवा झेंडी कुनाच्या हातात असंल?”

लिगाडे चाचरला. म्हणाला, मी गाडी सोडायचं म्हणत होतो, पार्सलमध्ये बसेन म्हणत होतो. माझ्या जागी दुसरा कुणी येईल.

“त्यो दुसरा बघंल कशावरनं? त्यानं अजून कुनाला पाडलं न्हाई.” कामट्यांतला पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून सारखा केला. “तू आता बघशील. तूच ऱ्हा.”

“साहेब ठेवतील तर राहीन,” तो म्हणाला. “उद्या त्यांनाही हेच सांगायला जातोय. खरं काय झालं ते.”

बांधावरून बैलं येताना दिसली, मागं तिचा पोरगा, खांद्यावर आसूड. म्हातारीनं लिगाडेच्या पाठीत बोट खुपसलं.

“उठ. आला बग. आन् मगाशी ‘डोळं मिटून’ म्हनताना आवाज बसला हुता तुजा. ते नीट म्हन.”